एक दिवस ठेवू या

जरा डोळे मिटा बघू. आता असं समजा, की तुमच्या खिशात फोन नाही. कुणाच्याच खिशात नाही. साऱ्या घरात मिळून एकच फोन आहे आणि तो बैठकीच्या खोलीत विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला आहे. साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, गाव लखनौ, महिना जानेवारी. बाहेर असं धुकं, की हात पुढे केला तर बोटं दुसऱ्या कुणाची वाटावीत. तुम्ही चारबागहून तेलीबागेकडे निघालेल्या टेम्पोत बसला आहात. समोरासमोर दोन बाकडी, गुडघ्याला गुडघे, आणि कुणाच्या तरी पिशवीतला फ्लॉवर तुमच्या मांडीवर टेकलेला…

बसलात नीट? मग आता कोपऱ्यात बघा. तिथे अनघा आहे.

शाल कानांवरून घेतलेली, नाकाचा शेंडा गारठून लाल. एका कम्प्युटर क्लासमध्ये दिवसभर शिकवून ती घरी चालली होती. दमली होती. डोळे मिटून घ्यावेत असं तिला वाटत होतं, तेवढ्यात तिला तो आवाज ऐकू आला.

टक्… टक्.

समोर एक तरुण बसला होता. मफलर, जाड चष्मा, मांडीवर स्टीलचा डबा. खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत तो डब्यावर बोटांनी ताल धरत होता. त्यात काय मोठंसं? टेम्पोत कुणीही ताल धरतं. पण तुम्ही कधी लक्ष दिलंय का? आपण भजनाला बसलो की टाळी पहिल्या ठोक्यावर पडते. हा मात्र पहिला ठोका सोडून देत होता. दुसऱ्यावर वाजवत होता, तिसरा सोडत होता, चौथ्यावर परत वाजवत होता.

अनघाची झोप उडाली. हा ताल लखनौचा नव्हता. तो समुद्रापलीकडचा होता, आणि साऱ्या गावात तो आपल्याला एकटीलाच ठाऊक आहे अशी तिची समजूत होती. तिचा पाय आपोआप हलायला लागला. दुसऱ्यावर… चौथ्यावर…

तरुणाची बोटं थांबली.

"अरे! थांबला का हा?" ती स्वतःशीच पुटपुटली. मराठीत. टेम्पोत मराठी कुणाला कळणार, या भरवशावर.

"थांबलो नाही," तो म्हणाला, चक्क मराठीत. "तुमचा पाय कुठवर येतो ते बघत होतो."

अनघाचे कान शालीच्या आत तापले. फ्लॉवरवाल्या बाई म्हणाल्या, "भैया, ज़रा खिसकिए," आणि तो खिसकला. त्यामुळे तो बरोबर तिच्या समोर आला.

"तुम्ही… सोल ऐकता?" तिनं विचारलं.

"तुम्हाला सोल माहीत आहे?" त्याचा चष्मा धुक्यानं की आनंदानं कोण जाणे, पण भरून आला होता. "मी धैर्यशील. साताऱ्याचा. इथे सदर बाजारात खोली घेऊन राहतो, कम्प्युटर कंपनीत आहे."

"मी अनघा."

"अनघा…" तो हळूच म्हणाला, "म्हणजे ती अनघा? 'एक दिवस ठेवू या'वाली?"

आता ही भानगड काय, ते तुम्हाला सांगायला हवं.

सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. चर्चमध्ये देवाला आळवता आळवता तो आवाज एक दिवस प्रेमाच्या गाण्यात शिरला, असं समजा. अनघाला ते गाणं मामानं आणलेल्या एका कॅसेटमुळे कळलं. गोडी लागल्यावर तिनं शोध घेतला, तेव्हा जगभर विखुरलेल्या वेड्यांची एक ईमेलची मंडळी तिला सापडली. तिला नुसतं 'लिस्ट' म्हणत. तुमचे आजचे ग्रुप असतात ना, त्यांची ही आजी. एकानं काही लिहिलं की ते सगळ्यांना पोचायचं. पण पोचण्याआधी ते एका माणसाच्या हाताखालून जायचं. तो वाचायचा आणि ठरवायचा, की हे जाऊ द्यायचं की नाही. तो मॉडरेटर.

लिस्ट खूप वर्षांची होती. शिकागोच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी ती सुरू केली होती. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी ती अनघाच्या हाती दिली. 'मलाच का?' असं तिनं विचारलं, तर त्यांचं उत्तर आलं, की इकडे माणसं रात्री भांडतात, आणि तेव्हा तुझ्याकडे सकाळ झालेली असते. या कामाला झोप झालेला माणूस लागतो.

भांडणं तर काय विचारू नका. गाण्यात व्हायोलिनचा ताफा आला की सोल मेलं, असं म्हणणारे एकीकडे, आणि व्हायोलिनशिवाय डोळ्यांत पाणी कसं येणार, असं म्हणणारे दुसरीकडे. एकमेकांचे बापजादे काढायचे. म्हणून त्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरांनी एक रीत घालून दिली होती. कुणी रागाच्या भरात लिहिलं तर ते पुढे पाठवायचं नाही आणि फेकायचंही नाही. लिहिणाऱ्याला एवढंच कळवायचं: 'एक दिवस ठेवू या. उद्याही हेच म्हणायचं असेल, तर परत पाठव.' आणि मॉडरेटरनं स्वतःहून दुसऱ्यांदा विचारायचं नाही. ज्याचे शब्द, त्यानंच ते परत आणायचे.

रीत इतकी चांगली, की बहुतेक कुणी परत पाठवतच नसे. राग उतरायचा, माणूस शहाणा व्हायचा.

आता यात अनघाकडून एक गोष्ट नकळत होत गेली. कुणी फार लांबण लावली, कुणी विषय सोडून भलतंच विचारलं, की तोंडावर 'नको' म्हणायचं तिच्या जिवावर यायचं. मग त्यालाही ती तेच कळवायची. एक दिवस ठेवू या. तोही परत पाठवायचा नाही. कुणाचं मन दुखलं नाही, असं समजून ती निश्चिंत असायची.

"माझाही एक निरोप तुम्ही ठेवला होता," धैर्यशील टेम्पोत म्हणाला. "माझा पहिला आणि शेवटचा. तेव्हापासून मी नुसता वाचतो."

"अय्या! काय लिहिलं होतं?"

"सांगेन कधीतरी."

"मग परत का नाही पाठवलात?"

तो हसला. "कळलं ना मला."

काय कळलं, हे अनघानं तेव्हा विचारलं असतं तर… पण तेलीबाग आली, आणि टेम्पोवाला ओरडायला लागला, "उतरिए मैडम, उतरिए!"

*

त्यानंतरचे रविवार कसे गेले ते सांगायला फार वेळ लागत नाही. चांगले दिवस सांगायला सोपे असतात.

तो यायचा, येताना कागदाच्या पुडीत गरम शेंगदाणे आणायचा. अनघाची आई, सुनीतीकाकू, पोह्यांवर खोबरं जरा जास्तच घालायची. वडील श्रीपादराव रेल्वेतून निवृत्त झाले होते. ते वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "धैर्यशीलराव, साताऱ्याला एवढी थंडी असते का हो?" आणि उत्तर न ऐकताच पान उलटायचे. बैठकीतला फोन मोडेमच्या पेटीला जोडला जायचा. ती पेटी खाकरायची, किंचाळायची, शिट्ट्या मारायची, आणि मनात आलं तर कम्प्युटर लिस्टला जोडून द्यायची.

"हो गया कनेक्ट?" हा प्रश्न पूर्वाचा. पूर्वा म्हणजे अनघाच्या भावाची, सतीशची मुलगी. दोन वेण्या, गुडघ्यावर कायम एक खपली. मराठी सगळं समजायचं तिला, पण बोलायची हिंदीत. आत्या आणि हे नवे काका यांच्या मध्ये स्टूल टाकून बसायचा हक्क तिनं आपणहून घेतला होता.

"नाव एवढं मोठं," अनघा एकदा म्हणाली. "ईमेलच्या पत्त्यात मावलं कसं?"

"नाही मावलं. त्यांनी निम्मं कापलं."

"कुठलं निम्मं? धैर्य की शील?"

"धैर्य," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हणून तर टेम्पोत पहिल्यांदा तुम्ही बोललात."

"मी कुठे बोलले? मी पुटपुटले."

"मग मी कधी बोलायचं ते सांगा. तुम्ही पुटपुटलात की?"

"आत्या, आप लाल हो गईं," पूर्वा म्हणाली.

लिस्टवरची भांडणं ते दोघं मिळून वाचायचे. हा तापलाय का? थोडासा. ठेवायचं? एक दिवस ठेवू या. अनघा ती ओळ लिहायची आणि धैर्यशील तिच्या बोटांकडे बघत राहायचा. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी यायचं आणि जायचं. अनघाला वाटायचं, कौतुक असेल.

त्यानं पूर्वाला टाळी शिकवली. दुसऱ्यावर, चौथ्यावर. पूर्वा वैतागली, "अंकल, ग़लत जगह पे बजा रहे हो!"

"चुकीच्या जागी नाही गं. जरा थांबून वाजवायची. आधीचा ठोका जाऊ द्यायचा, म्हणजे पुढच्याला गोडी येते."

"और अगर गाना ही निकल गया तो?"

दोघंही हसले. पोरांच्या प्रश्नांना मोठी माणसं हसतात आणि विसरून जातात. तुमच्या बाबतीतही झालंच असेल कधी.

एका संध्याकाळी पूर्वा रडत घरी आली. शेजारची नयना तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघींची मिळून एक उड्यांची दोरी होती, तिच्यावरून जुंपली होती. "मैं अभी जाके बोलूँगी, तू झूठी है, तेरे से ज़िंदगी भर की कट्टी!"

अनघानं तिला जवळ ओढलं. "बोल की. पण एक दिवस ठेव. उद्याही हेच म्हणावंसं वाटलं तर जाऊन बोल."

दुसऱ्या दिवशी त्या दोघी एकाच दोरीवर उड्या मारत होत्या. अनघानं गच्चीतून धैर्यशीलला ते दाखवलं. "बघितलंस? कसं लागू पडतं!" एव्हाना ती त्याला 'अरेतुरे' करत होती. कधीपासून, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

*

होळी झाली. रस्त्यावरचा रंग अजून पुरता गेला नव्हता. त्या शनिवारी ते दोघं लष्कराच्या छावणीत फिरायला गेले. ते रस्ते शांत. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावलेला, आणि वर काटेसावर पेटल्यासारखी फुललेली. इथे तिला सेमल म्हणतात. फूल पडलं की धप्प असा आवाज येतो, जणू कुणी उडी मारली.

धैर्यशीलच्या वॉकमनचा एक कान तिच्याकडे, एक त्याच्याकडे. दोन कानांत एक तार, म्हणून चालावं लागत होतं खांद्याला खांदा लावून. गाणं संपलं. त्यानं बटण दाबलं नाही. टेप नुसतीच खरखरत राहिली.

"अनघा."

"हं?"

"मला नीट बोलता येत नाही, तुला माहितीय." तो थांबला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला तुझ्याबरोबर राहायचंय. कायमचं. माझ्याशी… लग्न करशील?"

धप्प. एक फूल पडलं.

अनघाच्या आत काय झालं ते तुम्हाला कसं सांगू? 'हो' हा शब्द तिच्या जिभेवर येऊन उभा राहिला होता, हात जोडून. कानात रक्त वाजत होतं. अंगभर ऊन. आणि नेमकी त्याचीच तिला भीती वाटली. एवढ्या तापलेल्या क्षणी उत्तर द्यायचं? रोज सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून ती जे करायची, ते तिच्या तोंडून आपोआप झालं. शिवाय ते तिला गोडही वाटलं, दोघांतलं गुपित असल्यासारखं.

"एक दिवस ठेवू या?" ती हसत म्हणाली. "उद्याही हेच म्हणायचं असेल… तर इथेच ये. याच वेळी."

धैर्यशीलही हसला. निदान तिला तसं दिसलं. तो वाकला, पडलेलं फूल उचलून त्यानं तिच्या तळहातावर ठेवलं. ते जड होतं, थंडही.

"ठीक आहे, मॉडरेटर," तो म्हणाला.

त्यानं तिला टेम्पोपर्यंत पोचवलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर अनघानं आईची जांभळी साडी बाहेर काढली आणि आरशासमोर उभी राहून 'हो' म्हणून बघितलं. एकदा हसून, एकदा खाली बघून. पूर्वा दारात उभी होती.

"किससे बात कर रही हो?"

"कुणाशी नाही गं. उद्याची तयारी."

रविवारी ती त्या झाडाखाली गेली. ऊन उतरलं. फिरायला निघालेलं एक म्हातारं जोडपं जाताना तिच्याकडे बघून हसलं, आणि परत येताना हसलं नाही. छावणीतले दिवे लागले. धैर्यशील आला नाही.

दुसऱ्या दिवशीही ती तिकडून गेली. सहज, असं स्वतःला सांगून. खाली फुलं काळी पडली होती.

फोन करावा असं तिला वाटलं नसेल का? कितीदा तरी तिनं रुमाल बाजूला केला. पण ती त्या कामात मुरलेली होती. ज्याचा निरोप परत येत नाही, त्याचं मन निवलेलं असतं, हे ती रोज बघत आली होती. एका दिवसात निवलं! आणि मॉडरेटरनं दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. तिनं रुमाल परत नीट पसरला. आईनं विचारलं, "धैर्यशील आला नाही गं या रविवारी?" तर म्हणाली, "काम असेल."

*

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, तो आला. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"अगंबाई, पेढे!" सुनीतीकाकू दारातच हरखल्या. "कसले रे?"

त्यानं सांगितलं. काकूंनी पुडा घेतला, "छान झालं हो," म्हणाल्या, आणि "चहा टाकते," म्हणत आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "अनघा वर आहे. गच्चीत."

गच्चीत बाजेवर बटाट्याचे पापड वाळत होते. माकडं येऊ नयेत म्हणून पूर्वा काठी घेऊन राखणीला बसली होती. पण तिचं लक्ष माकडांकडे नव्हतं. ती कठड्यावरून खाली बघत होती. खाली नयनाच्या घरासमोर ट्रक उभा होता. नयनाच्या वडिलांची झाशीला बदली झाली होती, आणि ही गोष्ट नयनानं पूर्वाला आधी सांगितली नाही, वर्गातल्या दुसऱ्याच मुलीला सांगितली, म्हणून त्यांची आठवडाभर कट्टी चालू होती. पूर्वाच्या मांडीवर ती दोरी होती.

"साखरपुडा ठरला माझा," धैर्यशील म्हणाला. "पुढच्या महिन्यात."

अनघानं एक पापड उलटा केला. "अभिनंदन. नाव काय तिचं?"

"मधुमती. साताऱ्याचीच. दिवाळीत बघायला गेलो होतो, तेव्हापासून मी टाळत होतो. त्या रविवारी सकाळी माझ्या बहिणीचा, मनीषाताईचा फोन आला. किती दिवस लोकांना ताटकळत ठेवणार, म्हणाली. मग मी… हो म्हणून टाकलं."

"त्या रविवारी?"

"हो. म्हणजे तुझं उत्तर तर मिळालंच होतं आदल्या दिवशी."

अनघाचा हात थांबला. "कुठलं उत्तर?"

"एक दिवस ठेवू या."

"ते उत्तर होतं?"

धैर्यशील तिच्याकडे बघत राहिला. "अनघा… लिस्टवर तू ज्यांना ते लिहितेस, त्यातलं कुणी परत पाठवतं का? सगळ्यांना ठाऊक आहे. अमक्याला एक दिवस मिळाला, असं म्हणतात आपापसात. म्हणजे नकार. सभ्य, गोड, पण नकार."

"मला कधी कुणी सांगितलं नाही!"

"कसं सांगणार? सांगितलं असतं तरी ते तुझ्याच हाताखालून गेलं असतं."

खाली कुणीतरी ट्रकमध्ये कपाट चढवत होतं. "आराम से, भैया, आराम से…"

"मी आले होते," अनघा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी. त्याच झाडाखाली."

"तू…?"

"दिवे लागेपर्यंत थांबले."

"मग फोन का नाही केलास, अनघा? एक फोन…"

"मला वाटलं, तुझं निवलं. ज्याचं निवतं तो परत येत नाही." तिनं ओठ दातांखाली धरला. "आणि मी दुसऱ्यांदा विचारायचं नसतं."

तो बाजेच्या कडेला बसला. पापड चुरडेल याचं भान दोघांनाही नव्हतं.

"काय म्हणणार होतीस?"

"आता नको ना विचारूस."

"अनघा."

"हो." इतक्या हळू, की पूर्वानं मान वळवली. "हो म्हणणार होते. त्या दिवशीसुद्धा तेच तोंडात आलं होतं. मीच ते मागे ठेवलं."

तो एकदम उठला. "मी साताऱ्याला फोन करतो. आत्ता. ताईला सांगतो, चूक झाली…"

"आणि मधुमतीला काय सांगशील?"

"काहीतरी…"

"तिच्या घरी साखर वाटून झाली असेल. मैत्रिणींनी तिला तुझ्या नावानं चिडवलं असेल. ती आत्ता कुठेतरी आरशासमोर उभी असेल, धैर्यशील. तिनं काय केलंय?"

"निदान विचार तरी कर." त्याचा आवाज फाटला. "की यालाही एक दिवस…"

"नाही," अनघा म्हणाली. "याचं उत्तर आत्ताच देते. जा तू."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं तापलेल्या शब्दाला तापलेलंच उत्तर दिलं होतं, आणि ते 'नाही' होतं.

तो जिन्यापर्यंत गेला. तिथे थांबला, पाठ फिरवूनच.

"तुझा तो पहिला निरोप," अनघानं विचारलं. "मी ठेवलेला. काय होतं त्यात? तू सांगणार होतास."

"काही विशेष नाही." त्यानं चष्मा काढला. "लखनौला नवीन आलो होतो. विचारलं होतं, की या गावात अजून कुणी ही गाणी ऐकतं का."

अनघाला आठवलं. अगदी अंधुक. गाण्याबद्दल काही नाही, म्हणून तिनं तो बाजूला ठेवला होता. आणि आपण कुठे राहतो हे सगळ्यांदेखत लिहायला थोडा संकोचही वाटला होता. तेव्हा पावसाळा होता. म्हणजे टेम्पोतल्या त्या धुक्याच्या कितीतरी आधी, याच गावात, दोन टोकांना दोघं एकेकटे, एकच कॅसेट उलटीपालटी करत बसले होते.

जिन्यात त्याची पावलं उतरत गेली. कठड्यावर बोटांची टकटक ऐकू येईल म्हणून ती कान देऊन उभी राहिली. आली नाही.

*

पापड गोळा करायचे राहिले होते. अनघा खाली बसली आणि एकेक उचलू लागली. डोळ्यांसमोर धूसर झालं होतं, त्यामुळे काही ओलेही उचलले गेले.

"आत्या," पूर्वा म्हणाली.

"हं."

"नयना जा रही है।"

खाली ट्रकचं फळकूट लावल्याचा खणकन आवाज आला. नयना ड्रायव्हरशेजारी आईच्या मांडीवर चढून बसली होती. वर बघत नव्हती. म्हणजे बघत होती, पण पूर्वानं बघितलं की मान वळवत होती.

"आत्या, उसको सॉरी बोलना है। और ये रस्सी भी…" पूर्वा दोरीची मूठ फिरवत होती. "अभी बोलूँ? या एक दिन रुकूँ?"

अनघानं वर बघितलं. तिला खूप काही सांगायचं होतं. की राग ठेवावा गं, एक दिवस, दोन दिवस, वाटेल तितका ठेवावा. पण तव्यावर फुगलेला फुलका कुणी उद्यासाठी ठेवतं का? ज्यानं त्यानं आपापला निरोप परत आणायचा, हे भांडणात ठीक आहे. बाकी वेळी आपणच उठून दार वाजवावं लागतं. हे सगळं तिच्या ओठांवर आलं. पण हातातला ओला पापड तसाच धरून ती पूर्वाकडे बघत राहिली.

खाली ट्रकनं घरघर केली, धूर सोडला आणि तो हलला.

पूर्वा आत्याच्या तोंडाकडे बघत होती. बघता बघता तिनं काठी टाकली.

उत्तराची वाट तिनं बघितलीच नाही. ती जिन्यावरून धडाधड उतरली, एक चप्पल वरच राहिली, दुसरी दारात निघाली, आणि आजीच्या "अगं, कुठे पळतेस?" ला ओलांडून ती रस्त्यावर होती. अनवाणी, दोन्ही वेण्या मागे, हातात दोरी झेंड्यासारखी धरलेली. "रुको! नयना! भैया, रोको ना!"

कोपऱ्यावर टेम्पोंची गर्दी होती. तिथे ट्रक अडला. पूर्वा चाकाजवळच्या पायरीवर चढली, खिडकीला लोंबकळली, आणि दोरी आत कोंबली.

ती काय बोलली, ते गच्चीवर ऐकू आलं नाही. पण बोलली. दम लागलेला असतानाच, पहिल्या श्वासाला, सगळं एकदम बोलली.